नागपुरातल्या जुन्या इमारती वाइड लेन्सने काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाल, इतवारी, सीताबर्डी, सदर, सिव्हिल लाइन्स, इकडच्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायला सकाळी सकाळी बाहेर पडणारे आता बरेच लोक दिसतात आणि ते फार चांगलं आहे, कारण वाडे एकेक करून पडत चालले आणि कित्येकांचा एक धड फोटोसुद्धा कोणाजवळ राहत नाही. प्रश्न तेच तेच येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. वाइड लेन्सने कोणतीही इमारत अवाढव्य करून दाखवता येते, पण ज्या मिस्त्रीने कमानीची उंची आणि रुंदी विचार करून ठरवली त्याचं माप फोटोत टिकलं पाहिजे. खालची बहुतेक उत्तरं याच हिशोबाने दिलेली आहेत.

वाइड म्हणजे नेमकी किती एमएमची लेन्स?

एमएम म्हणजे लेन्सची फोकल लांबी, आकडा जितका लहान तितकं जास्त दृश्य फ्रेममध्ये येते. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा राहतो त्यावर, ३५ च्या खालची सगळी वाइड, २४ च्या खाली गेलं की अल्ट्रावाइड. ३५ एमएमला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ६३ अंश दिसते, २४ ला ८४, १६ ला १०७. क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून लहान सेन्सर, असेल तर आकड्याला दीडने गुणायचं, कॅननमध्ये १.६ ने, म्हणजे १८-५५ किट लेन्सचा १८ हा २७-२९ सारखा वागतो आणि अल्ट्रावाइड पाहिजे असेल तर १०-१८ किंवा १०-२० टाइपची लेन्स लागते. माझं मत विचाराल तर जुन्या इमारतींसाठी २४ च्या आसपास सगळ्यात जास्त काम होते. १६ आणि त्याच्या खालचं फक्त गल्लीत आणि आतल्या खोल्यांत.

माझ्याजवळ फक्त मोबाईल आहे, किंवा फक्त किट लेन्स आहे, चालते का?

चालते, बिनधास्त सुरू करा. मोबाईलचा साधा १एक्स कॅमेरा बहुतेक २४-२६ एमएमसारखा राहतो आणि ०.५ वाला १३-१४ सारखा. दिवसा उजेडात ०.५ चांगला निघते, पण त्याचा सेन्सर लहान राहतो म्हणून संध्याकाळ झाली की दगडाचं टेक्स्चर लेप दिल्यासारखं सपाट होऊन जाते, तेव्हा १एक्सवरच काढा. आणि सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड आणि लेव्हल आजच चालू करून टाका, याच्याइतका फुकटात फरक पाडणारी दुसरी गोष्ट नाही. नवीन लेन्स घ्यायचीच असेल तर आधी दोन दिवस भाड्याने आणून महालात फिरा, मग ठरवा.

माझ्या फोटोत इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, कॅमेरा वर झाला आहे. आपण खाली रस्त्यावर उभे, इमारत उंच, म्हणून हात आपोआप कॅमेरा वर करतो. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. हे कोणत्याही लेन्सने होते, वाइडमध्ये जास्त डोळ्यात भरते एवढंच. सेन्सर आणि भिंत समांतर ठेवली, म्हणजे कॅमेरा वर नाही खाली नाही एकदम लेव्हलमध्ये, तर खांब खांबासारखे उभे राहतात, मग लेन्स १४ एमएम का असेना.

यात एक वेगळा प्रकार पण आहे, तो म्हणजे सरळ रेषा फुगल्यासारखी बाहेर वाकणं. तो मात्र लेन्सचाच गुण असतो आणि एडिटिंगमध्ये लेन्स प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्ससाठीची तयार दुरुस्ती, लावलं की जातो. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नका, कारण प्रोफाइल लावून कलंडलेली इमारत सरळ होत नाही.

लेव्हल धरला तर वरचा भाग कटते आणि खाली नुसता रस्ता येते, त्याचं काय?

बरोबर आहे, हाच खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर लेन्सपेक्षा उभं राहायच्या जागेत जास्त आहे. थोडं गणित एकदा समजून घ्या, मग मैदानात अंदाज आपोआप येतो.

कॅमेरा लेव्हलमध्ये आणि उभा धरला तर २४ एमएमला जेवढं अंतर त्याच्या पाऊण पट उंची कॅमेऱ्याच्या वर दिसते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि इमारत १५ मीटर उंच आहे, म्हणजे वर साडेतेरा मीटर पाहिजे, तर १८ मीटर मागे जावं लागते, साधारण २४-२५ पावलं. १६ एमएम उभा धरला तर हेच काम १२ मीटरवरून होते. आणि १६ एमएम आडवा धरला तर परत १८ मीटर, म्हणजे आडवा १६ आणि उभा २४ हे उंचीच्या बाबतीत सारखेच. म्हणून महागडी अल्ट्रावाइड घ्यायच्या आधी कॅमेरा उभा धरून पाहा, बऱ्याच वेळा तेवढ्याने भागते.

खालचा जो रस्ता येतो तो क्रॉप करून टाका, त्याचं दुःख करू नका. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून खालचा तिसरा भाग काढून टाकला तरी १६ मेगापिक्सेल उरते, मोठा प्रिंट निघतो. शिफ्ट लेन्स हेच काम काचेने करते, कॅमेरा लेव्हलमध्येच ठेवून लेन्स वर सरकवायची, खालचा रस्ता जातो आणि वरचा कळस येतो. कॅनन आणि निकॉन दोघांच्याही २४ एमएमच्या शिफ्ट लेन्स आहेत पण किंमत पाहूनच घ्या, हौशी माणसाला क्रॉप पुरेसा आहे. नाहीतर तो रस्ता कामाला लावा. जुलै-ऑगस्टमध्ये सिव्हिल लाइन्समध्ये पाणी साचलं की कॅमेरा पाण्याच्या जवळ खाली नेऊन धरला तर अर्ध्या फ्रेममध्ये प्रतिबिंब येते आणि रिकाम्या जागेचा प्रश्नच मिटतो.

सराव करायचा असेल तर कस्तुरचंद पार्कच्या मैदानातलं जुनं स्मारक सगळ्यात सोपं, आजूबाजूला मोकळं आहे, पाहिजे तेवढं मागे जाता येते. एकच वास्तू १६, २४, ३५ आणि ५० ने काढा, दरवेळी पुढेमागे सरकून ती फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवा आणि घरी जाऊन चारही फोटो शेजारी ठेवा. जवळून काढलेल्यात पुढचा भाग अंगावर येतो आणि मागचा पार दूर जातो, लांबून काढलेल्यात सगळं आपापल्या मापात बसते. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या भागांचं एकमेकांशी माप, अंतराने बदलते, लेन्स फक्त किती कापायचं ते ठरवते. ही गोष्ट वाचून पटत नाही, स्वतः करूनच पटते.

महालच्या गल्लीत मागे जायला जागाच नाही, समोरच्या भिंतीला पाठ लागते. तिथे वाडा कसा घ्यायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा गल्ली १२ फुटाची आहे. समोरच्या भिंतीला पाठ टेकवली तर कॅमेरा आणि वाड्याची भिंत यात साडेतीन मीटर राहते. १६ एमएम उभा, लेव्हलमध्ये, तर कॅमेऱ्याच्या वर चार मीटरच्या आतच दिसते, म्हणजे जमिनीपासून साडेपाच मीटरपर्यंत. दुमजली वाडा साडेसात-आठ मीटर राहतो. तर वरचा सज्जा, त्याच्या खालचे कोरलेले लाकडी हत्ती-मोर, कौलांची ओळ, जे खरं पाहण्यासारखं आहे तेच कटून जाते. मग लोक कॅमेरा वर करतात आणि वाडा त्रिकोणी होतो.

उपाय एकच, वर चढा. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याची गॅलरी मिळाली की कॅमेरा जमिनीपासून साडेचार मीटरवर जातो, आता वर चार मीटर आणि खाली चार मीटर, म्हणजे दिंडी दरवाजाच्या उंबऱ्याच्या जरा वरपासून थेट कौलापर्यंत पूर्ण वाडा एका फ्रेममध्ये, एकही रेषा न झुकता. लेन्स तीच, गल्ली तीच, फक्त एक मजला. मोबाईलच्या ०.५ ला तर याहून थोडं जास्तच दिसते.

आता गॅलरी मिळणार कशी, तर विचारून. "काकाजी, समोरच्या वाड्याचा फोटो काढायचा होता, तुमच्या गॅलरीतून पूर्ण दिसते, पाच मिनिटं येऊ का?" एवढं सरळ विचारा. दुपारी एक ते चार विचारू नका, घरचे झोपले राहतात. सकाळी आठ-नऊला काकू अंगणात राहतात, तेव्हा बोलणं सोपं जाते. चपला खाली काढा, ट्रायपॉड वर नेऊ नका, आणि फोटो पाठवतो म्हटलं तर पाठवा. महालात माणसं मनापासून दाखवतात, समोरचा वाडा कोणाचा, आधी कोण राहायचं, हे पण तिथेच कळते आणि ते फोटोइतकंच मोलाचं आहे.

गॅलरी नाहीच मिळाली तर दुसरा मार्ग, पूर्ण वाडा एका फोटोत घ्यायचा हट्ट सोडून द्यायचा. दरवाजा वेगळा, सज्जा वेगळा, कोपरा वेगळा, असे तीन-चार नीट फोटो एका ताणलेल्या फोटोपेक्षा जास्त सांगतात. तिसरा मार्ग पॅनोचा, म्हणजे बरेच फोटो जोडून एक रुंद फोटो करायचा. कॅमेरा उभा, लेव्हलमध्ये, तिसरा हिस्सा ओव्हरलॅप ठेवून डावीकडून उजवीकडे काढत जा. पण गल्लीत विजेचा खांब किंवा उभी गाडी जवळ असेल तर जोडणी फाटते, कारण कॅमेरा फिरवताना जवळची वस्तू मागच्या भिंतीवर सरकते. अशा वेळी कॅमेरा लेन्सभोवती फिरवायचा, आपल्या शरीराभोवती नाही.

एडिटमध्ये सरळ करता येते ना, मग एवढी कटकट कशाला?

येते. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करणारं अपराइट आहे, त्यात स्वतः दोन उभ्या रेषा आखायचा पर्याय सगळ्यात भरवशाचा. मोबाईलवर स्नॅपसीडमध्ये पर्स्पेक्टिव्ह आहे, फुकटात पाहिजे तर कॉम्प्युटरवर डार्कटेबल आहे. थोडंफार झुकलेलं असेल तर जरूर वापरा, मी पण वापरतो. पण सॉफ्टवेअर वरचा भाग ताणून सरळ करते, तिथे नवीन डिटेल कुठून आणणार, म्हणून कळसाजवळ फोटो मऊ पडतो आणि खालचे दोन्ही कोपरे रिकामे पडतात, ते काढायला क्रॉप केलं की बाजूचा भाग कापला जातो. जास्त ताणलं की मजल्यांची उंची पण खोटी होते, वरचा मजला खालच्यापेक्षा उंच दिसायला लागतो. जिथे माहीतच आहे की नंतर सरळ करायचं आहे तिथे काढतानाच दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडा.

आणि एक. अगदी पायथ्याशी उभं राहून मुद्दाम वर पाहून काढलेला फोटो असेल तर तो तसाच राहू द्या, तिथे रेषा वर जाऊन एकत्र येणं हाच फोटो आहे. अर्धवट झुकलेला मात्र ठेवू नका, तो पाहणाऱ्याला खटकत राहतो.

घुमट अंड्यासारखा लांबट का होतो? कडेचा माणूस जाड का दिसतो?

कारण वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवायला कडेच्या वस्तू बाहेर ताणते. सपाट भिंतीला त्याचा त्रास होत नाही, गोल गोष्टींना होतो. घुमट, गोल खांब, माणसाचं डोकं, गाडीचं चाक. उपाय म्हणजे गोल वस्तू फ्रेमच्या मध्याजवळ ठेवा, किंवा मागे जाऊन २८-३५ वापरा. जवळच्या वस्तूचं फुगणं पाहायचं असेल तर झिरो माइलला जा, १९०७ सालचा तो दगडी खांब आणि चार घोडे. एका घोड्याच्या तोंडाशी १६ एमएम घेऊन उभं राहिलं की घोडा खांबापेक्षा मोठा होऊन बसतो. कोणाला तो फोटो आवडतो, मला नाही आवडत, कारण तिथे मान खांबाचा आहे. दहा-बारा पावलं मागे गेलं की दोघांचं नातं परत जागेवर येते.

समोरून काढावा की कोपऱ्यावरून?

इमारत कशी आहे त्यावर आहे. हायकोर्टाची इमारत घ्या, हेन्री मेड यांचं डिझाइन, उद्घाटन १९४० चं. त्यांनीच दिल्लीतलं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन पण केलेलं आहे. मधे घुमट आणि दोन्ही बाजूंना सारखे पंख, अशी वास्तू बरोबर मध्यरेषेवर उभं राहूनच काढायची, आणि बरोबर म्हणजे बरोबर, वीतभर जरी डावीकडे सरकलं तरी दोन्ही बाजू असमान दिसतात आणि मग कितीही एडिट करा ती सिमेट्री येत नाही. मध्य सापडायला सोपी युक्ती, जवळचा आणि मागचा असे दोन मधले भाग एकमेकांवर आणा, म्हणजे दाराची मधली रेघ आणि वरचं टोक एका ओळीत.

उलट रेल्वे स्टेशनची १९२५ ची दगडी इमारत लांबट आहे, समोरून सपाट वाटते, एका टोकाकडून थोडं तिरपं घेतलं की कमानींची ओळ चालत गेल्यासारखी येते. फक्त फार तिरपं नको, नाहीतर जवळची कमान राक्षसासारखी आणि शेवटची काडीएवढी.

वायरी, होर्डिंग, पार्किंग, मेट्रोचे खांब. हे सगळं मधे येते.

इथे वाइडचा खरा फायदा आहे. ५० एमएमवाल्याला रस्त्याच्या पलीकडे जावं लागते, मग मधे गाड्या, टपऱ्या, वायरी सगळं येते. वाइडवाला त्या सगळ्यांच्या अलीकडे, इमारत आणि गाड्यांच्या मधल्या पट्टीत उभा राहू शकतो, वायरी त्याच्या डोक्यामागे राहून जातात. आधी हीच पट्टी शोधा. गांधी गेटसारख्या ठिकाणी, ज्याला म्हातारी माणसं अजून जुम्मा दरवाजाच म्हणतात, रविवारी सकाळी सहाच्या आतच जायचं, सातनंतर वाहनं थांबत नाहीत.

एडिटमध्ये वायरी पुसायच्या का, तर भिंतीवर लावायच्या प्रिंटसाठी पुसल्या तरी हरकत नाही. पण नोंद म्हणून ठेवायच्या फोटोत काहीही पुसू नका. ज्या वर्षी फोटो काढला त्या वर्षी तिथे केबलचं जाळं होतं, हे पण त्या वास्तूचं खरं आहे. वर्धा रोडवरचा मेट्रोचा पूल दहा वर्षांआधीच्या फोटोत नाही म्हणूनच ते फोटो आज लोक शोधत फिरतात.

कोणत्या महिन्यात आणि किती वाजता जावं?

आधी इमारतीचं तोंड कुठे आहे ते मोबाईलच्या होकायंत्राने पाहा, बाकी सगळं त्यावरून ठरते. नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला आहे, कर्कवृत्ताच्या जरा खाली, त्यामुळे इथे दोन गोष्टी होतात ज्या पुस्तकातल्या टिप्समध्ये राहत नाहीत.

पहिली, मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्याच बाजूने जातो. या दिवसांत दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. ज्याला उत्तरेकडे तोंड असलेला वाडा उन्हात पाहिजे त्याने एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा जावं, ऊन तिरपं येऊन नक्षी उठून दिसते. दुपारी सूर्य डोक्यावर, सज्ज्याची सावली पूर्ण भिंतीवर, काहीच हाती लागत नाही आणि ४५ डिग्रीत फिरणं तब्येतीला पण बरोबर नाही.

दुसरी, डिसेंबरमध्ये भर दुपारी पण सूर्य ४५ अंशाच्या फारसा वर जात नाही. म्हणजे दक्षिणमुखी इमारतीवर सकाळी नऊपासून चारपर्यंत तिरपं, कामाचं ऊन. हिवाळ्यात दक्षिणमुखी, उन्हाळ्यात उत्तरमुखी, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. पूर्वमुखीला सकाळ, पश्चिममुखीला संध्याकाळ, ते सगळ्यांना माहीत आहे, स्टेशनची मुख्य बाजू पश्चिमेला आहे म्हणून ती संध्याकाळची.

आपलं घड्याळ आणि सूर्य यात पण फरक आहे, भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, नागपूर ७९ वर, म्हणून खरी दुपार सव्वाबाराच्या आसपास होते. सगळ्यात आवडता महिना विचाराल तर ऑक्टोबर. पावसाने धूळ बसलेली राहते, आकाश निळं आणि दगड धुतलेला. सूर्य मावळल्यावर दिवे लागून आकाश निळं असण्याची वेळ आपल्याकडे फार टिकत नाही, वीस-पंचवीस मिनिटं धरून चाला आणि त्याआधीच ट्रायपॉड लावून तयार राहा.

अपर्चर आणि फोकस किती ठेवू?

अपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड येण्याचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान. एफ ८ ते ११ ठेवा. एफ १६ च्या पुढे गेलं की पूर्ण फोटोच थोडा मऊ पडतो. फुलफ्रेमवर १६ एमएम, एफ ८ असेल तर एक मीटरच्या जरा पुढे फोकस करा, अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येते. २४ एमएमला तोच आकडा अडीच मीटर. नक्षीचा मोठा प्रिंट पाहिजे असेल तर मात्र सरळ नक्षीवरच फोकस.

पोलरायझर लावू का?

पोलरायझर म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, तो अल्ट्रावाइडवर नको. सूर्यापासून ९० अंशावरचं आकाश सगळ्यात जास्त गडद होते आणि वाइडमध्ये आकाशाचा एवढा मोठा भाग येतो की मधेच गडद निळा पट्टा पडतो. ३५ वर लावला तर चालते.

वाड्याच्या आत अंधार आणि खिडकीतून पांढराफट उजेड, काय करू?

ट्रायपॉड असेल तर आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो, नंतर जोडून घ्या. जोडताना हात आखडता ठेवा. आतला अंधार हा पण वाड्याचाच भाग आहे, माजघर दुकानासारखं लख्ख दिसायला लागलं की ते माजघर राहत नाही. ट्रायपॉड नसेल तर वाइडचा एक उपकार असा की हाताची थरथर कमी दिसते, १६ एमएमला पंधरावा हिस्सा सेकंदावर पण हातात शार्प येतो, खांबाला खांदा टेकवा आणि श्वास सोडताना दाबा.

चौकात उभं राहिलात तर जरा थांबून पाहा. चारी बाजूंना सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, तिथे पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी लाकूड गुळगुळीत काळं झालेलं, मधे तुळशीवृंदावन आणि वरून चौकोनी उजेड. उजेडाचा तो चौकोन सरकत सरकत ओसरीवर येतो तेव्हा परत उसळलेला प्रकाश छताच्या कडीपाटापर्यंत जातो आणि तुळईची नक्षी लाइट न लावता दिसते. तो वेळ साधला तर तीन फोटो जोडायची गरजच पडत नाही. छत काढायचं असेल तर कॅमेरा जमिनीवर पाठीवर ठेवा, लेन्स सरळ वर, टायमर लावून बाजूला व्हा. फ्लॅश नको, लाकडाचा रंग मरतो.

फ्रेममध्ये माणसं असावी की नाही?

असावी, माप कळते. दारात आजी बसलेली असली की दरवाजा किती मोठा ते सांगावं लागत नाही. फक्त विचारून, आणि कडेला नको, ताणली जातात. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारी-महालात जुन्या घरांच्या गॅलऱ्या आणि गच्च्या माणसांनी भरून जातात, तेव्हा वाइडसारखी लेन्स नाही. तिथे लेव्हलचा हट्ट थोडा बाजूला ठेवला तरी चालते. बॅग मात्र पोटाकडे घ्या.

परवानगी कुठे लागते?

सार्वजनिक रस्त्यावरून बाहेरची बाजू काढायला सहसा कोणी अडवत नाही, पण काही जागा वेगळ्या आहेत. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीसारख्या दिवशी लोकांना आत सोडतात, फोटोबद्दल तिथे जे सांगतील ते ऐकायचं. हायकोर्ट, विधानभवन, राजभवन (आता लोकभवन), स्टेशन इथे आवारात कॅमेरा काढायच्या आधी विचारायचं, आणि डिसेंबरमध्ये अधिवेशन चालू असताना सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त राहतो तर तिकडचा प्लॅन पुढे ढकला. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, तिथे आत तिकीट खिडकीवर विचारून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातला कॅमेरा सहसा चालतो, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. देवळात गाभाऱ्याकडे लेन्स वळवायच्या आधी पुजाऱ्यांना विचारा. कोणी नाही म्हटलं तर वाद घालू नका, उद्या दुसरा फोटोवाला तिथेच जाणार आहे.

ड्रोनने काढलं तर सगळेच प्रश्न सुटतात ना?

उंचीचा सुटतो, बाकी वाढतात. विमानतळ, वायुसेना, लष्कर, सगळं शहराला लागून आहे, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय उडवूच नका. गॅलरीवाले काकाजी जास्त कामाचे.

नागपूरच्या हवेत लेन्स कशी सांभाळायची?

उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत लेन्स ठेवू नका, आत भट्टी होते. आणि ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत तर अजिबात नाही. बाहेर हवा कोरडी असली तरी कूलरने खोलीत दिवसरात्र ओल राहते आणि बुरशीला तेवढंच पाहिजे. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि डबा दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात एसीमधून बाहेर निघालात की काचेवर वाफ धरते, पुसत बसू नका, लेन्स बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या. अल्ट्रावाइडची पुढची काच फुगीर राहते, बऱ्याच लेन्सवर फिल्टर बसत नाही, म्हणून धूळ आधी ब्लोअरने उडवा आणि मगच कपडा. कोरडी धूळ घासली की ओरखडा कायमचा.

फोटो काढून झाले, आता पुढे काय ठेवायचं?

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, ठेवा, सरळ केलेली कॉपी वेगळी ठेवा, दोन वेगळ्या हार्डडिस्कवर. आणि सोबत दोन ओळी लिहा : तारीख, मोहल्ला, इमारतीचं तोंड कोणत्या दिशेला, किती एमएम, कॅमेरा किती उंचीवर आणि कुठे उभं राहून. घरमालकाचं नाव-पत्ता नेटवर टाकू नका, स्वतःच्या वहीत राहू द्या. "समोरच्या किराणा दुकानाच्या दुसऱ्या पायरीवरून, २४ एमएम, उभा, छातीच्या उंचीवर" एवढं लिहिलेलं असलं तर पाच वर्षांनी तुम्ही किंवा दुसरं कोणीही त्याच पायरीवर उभं राहून तोच फोटो परत काढू शकते आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून सज्जा किती खचला, कोणती खिडकी बुजवली, ते मोजता येते. वाड्याची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला असे दोन फोटो लागतात, तेव्हा मागितले तर देऊन टाका.